रोड सायकलवरून रिमब्रेक हटले कसे : पार्श्वभूमी

नाशिकमध्ये मध्यम किमतीपुढची नवी रोड सायकल घ्यायला गेलेल्या माणसापुढे आज ब्रेकच्या बाबतीत फारशी निवड उरलेली नाही; दुकानात मांडलेल्या बहुतेक सायकलींच्या चाकांच्या मध्याशी डिस्कब्रेकची चकती असतेच. दहा वर्षांपूर्वी चित्र नेमके उलटे होते. नाशिकच्या हितेंद्र आणि महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी 2015 मध्ये 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत जोडीने पूर्ण केली, त्या सुमारास ज्यांनी आपली पहिली रोडबाईक घेतली त्यांच्यापैकी बहुतेकांच्या सायकलींना रिमब्रेकच होते, म्हणजे चाकाच्या रिमवर (टायर बसतो त्या गोल कड्यावर) रबर दाबून थांबवणारे ब्रेक. त्या सायकली अजून चालतात, घाटही चढतात. फक्त 'हिला पुढे सामान मिळेल ना?' हा प्रश्न आता मेकॅनिकला वारंवार विचारला जातो.

रिमवर ब्रेक लावण्याची कल्पना हवेच्या टायरमागोमाग रुळली. त्याआधीच्या भरीव टायरवर चमच्याच्या आकाराचा तुकडा वरून दाबला की भागत असे, पण 1888 नंतर डनलॉपचे हवेचे टायर पसरले आणि असा तुकडा टायरच खाऊ लागला. तेव्हा टायर सोडून रिम धरणे ओघानेच आले. आपल्याकडच्या काळ्या, उभ्या दांड्याच्या सायकलींवर या ब्रेकचे एक जुने रूप कालपरवापर्यंत दिसत होते: हँडलखालून सळ्या निघत आणि ब्रेक दाबला की दोन रबरे रिमच्या आतल्या बाजूला, आऱ्यांकडून टायरच्या दिशेने, वर खेचली जात. पावसात ओल्या झालेल्या चकचकीत लोखंडी रिमवर ते रबर जवळजवळ नुसतेच घसरे, आणि पाय टेकवून सायकल थांबवणे ही त्या पिढीची सवयच होऊन गेली होती. रिमब्रेक पावसात लागत नाहीत, हा समज आपल्याकडे मुख्यतः या लोखंडी रिमवरून आला असावा, आणि अ‍ॅल्युमिनियम रिमवर तो काहीसा अन्यायकारकच आहे.

सळ्यांऐवजी वायर आली ती अर्नेस्ट बोडेन यांच्या 1896 च्या पेटंटमुळे. पुढे 1968 मध्ये कँपॅग्नोलो या इटालियन कंपनीने 'रेकॉर्ड' मालिकेत आपले साइडपुल (वायर एका बाजूने खेचणारे) ब्रेक आणले आणि शर्यतीच्या सायकलीचा ब्रेक म्हणजे तोच, असे समीकरण बरीच वर्षे टिकले. याच कंपनीचे 1980 च्या दशकातले 'डेल्टा' ब्रेक दिसायला अतिशय देखणे होते. थांबवण्याच्या कामात मात्र ते वजनाच्या मानाने कच्चे निघाले. खरी सुधारणा 1990 च्या आसपास शिमानो या जपानी कंपनीच्या ड्युअल पिव्हट ब्रेकने झाली. दोन्ही बाजूंचे हात वेगवेगळ्या खिळीवर फिरत असल्याने तेवढ्याच बोटांच्या जोरात रबर कितीतरी घट्ट दाबले जाऊ लागले, आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे व्यावसायिक शर्यती प्रामुख्याने याच रचनेवर झाल्या.

रिमब्रेक पुरेसा थांबवत नव्हता म्हणून गेला, असे सांगितले जाते ते अर्धवट खरे आहे. रिम ही खरे तर एक प्रचंड मोठी चकतीच आहे. तिची त्रिज्या सुमारे 31 सेंटिमीटर आणि 160 मिलिमीटरच्या डिस्कची 8 सेंटिमीटर. म्हणजे तेवढाच परिणाम साधायला डिस्कच्या पॅडला जवळपास चौपट जोराने पकडावे लागते, आणि तो जोर देण्यासाठी बहुतेकदा तेलाचा दाब वापरला जातो. कोरड्या रस्त्यावर चांगला ड्युअल पिव्हट ब्रेक मागचे चाक उचलले जाईपर्यंत पकडतो, आणि त्यापुढे कोणताच ब्रेक काही अधिक करू शकत नाही.

अडचण रिमच्या जागेत आहे. ती रस्त्यालगत फिरते, चिखल आणि पाणी आधी तिच्यावर येते, आणि टायरचा आधारही तीच असते. जुलैत इगतपुरीहून कसारा घाट उतरून खाली थांबल्यावर सायकल उलटी करून पाहावे: रिमच्या कडेला करडा-काळा लगदा जमलेला असतो, त्यात अ‍ॅल्युमिनियमचा चुरा, रबर आणि काळ्या दगडाची कच असते, आणि ब्रेकच्या रबरात नखाने खरवडले तर धातूचे बारीक चमकते कण रुतलेले सापडतात. तेच कण पुढच्या उताराला कानशीप्रमाणे रिम घासतात. आपल्या भागातले अनुभवी मेकॅनिक म्हणूनच चाकाचा आउट (डुगडुग) काढण्याआधी रिमच्या कडेवरून अंगठा फिरवतात. कड आत वळलेली, वाटीसारखी लागली, तर ते स्पोकला हात न लावता सरळ रिम बदलायला सांगतात. कारण झिजून पातळ झालेली कड टायरच्या हवेच्या दाबाने एखाद्या दिवशी फाटते.

उष्णतेचा हिशेबही याच घाटावर मांडता येतो. इगतपुरी ते कसारा उतार साधारण 300 मीटरचा आहे. चालक आणि सायकल मिळून 80 किलो धरले आणि वेग वाढू न देता सगळे ब्रेकवरच उतरले, तर अर्धा लिटरहून अधिक पाणी उकळेल एवढी उष्णता ब्रेकमध्ये निर्माण होते. त्यातला काही भाग प्रत्यक्षात हवेचा विरोध उचलतो, पण बाकीची उष्णता रिममध्ये जाते. अ‍ॅल्युमिनियम ती पटकन पसरवते आणि सोडूनही देते. कार्बन रिममध्ये ती ब्रेकच्या पट्ट्यातच साठते, कार्बनचे तंतू जोडून ठेवणारी राळ मऊ पडते, कड फुगते, कधी ट्यूबही फुटते. शिवाय ओल्या कार्बनवर ब्रेक उशिरा लागतो. हलकी आणि वारा कापणारी कार्बनची चाके शर्यतीतून शौकिनांकडे आली, तसा हा दोष घराघरांत पोहोचला. माझ्या मते रिमब्रेकचा खरा पाडाव इथे झाला.

दुसरे कारण टायरची रुंदी. 23 मिलिमीटरचे टायर 25 वर आणि मग 28 वर गेले, कारण रुंद टायर खडबडीत रस्त्यावर कमी शक्ती खातात हे लोकांना पटले. रस्त्याच्या ब्रेकच्या कमानीत मात्र 28 च्या पुढे जागा उरत नाही. डिस्क असली की चिमटा (चाक धरणारा फोर्क) हवा तेवढा रुंद करता येतो.

शर्यतींनी मात्र हा बदल सहज स्वीकारला नाही. यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेने सायक्लोक्रॉसमध्ये (चिखल-मातीतल्या शर्यतींत) डिस्कला 2010 मध्ये परवानगी दिली. रस्त्यावरच्या चाचण्या 2015 मध्ये सुरू झाल्या. त्याआधी 2013 च्या अखेरीस स्रॅम या कंपनीला आपले नवे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचे) रोडब्रेक थंडीत निकामी होत असल्याने परत मागवावे लागले होते. एप्रिल 2016 च्या पॅरिस-रूबे शर्यतीत फ्रान व्हेंतोसो या सायकलपटूच्या पायाला खोल जखम झाली, त्याने चकतीला दोष दिला आणि चाचण्या थांबल्या. जखम चकतीचीच होती का याबद्दल नंतर शंका घेतली गेली, तरी चकतीच्या कडा गोलाकार करण्याचा नियम त्यातूनच आला. 2017 मध्ये टॉम बोनेनने अर्जेंटिनात आणि मार्सेल किटेलने टूर द फ्रान्सच्या दुसऱ्या टप्प्यात डिस्कवर विजय मिळवला, आणि जुलै 2018 पासून परवानगी कायम झाली. तरीही एगान बर्नालने 2019 ची टूर रिमब्रेकवर जिंकली. शर्यतीच्या सायकलचे किमान वजन सन 2000 पासून 6.8 किलो ठरलेले असले, तरी डिस्कचे जादा काहीशे ग्रॅम चढावर नकोसे वाटत. चार वेळा टूर जिंकलेल्या ख्रिस फ्रूमने 2021 मध्ये चकती घासते, तापते आणि वाकते, अशी उघड तक्रार केली होती.

पण तोवर निर्णय शर्यतींच्या हातून कारखान्यांकडे गेला होता. एकाच सायकलचे दोन प्रकारचे फ्रेम, दोन चिमटे आणि दोन चाके बनवणे परवडत नव्हते. 2020 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने टारमॅक एसएल 7 ही शर्यतीची सायकल केवळ डिस्कसाठी आणली. शिमानोने 2022 चे नवे '105' (गिअर आणि ब्रेकचा मधल्या किमतीचा संच) डिस्कपुरतेच ठेवले, आणि हौशी सायकलस्वाराचा खरा संच 105 असल्याने मधल्या किमतीतली रिमब्रेकची सायकल तिथून विरळ होत गेली.

नाशिकच्या रस्त्यांवर अजून फिरणाऱ्या जुन्या सायकलींसाठी आज तरी सामानाची अडचण नाही. वायर, रबर आणि अ‍ॅल्युमिनियमच्या रिम मिळतात. रिमब्रेकची चांगली कार्बन चाके मात्र दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. सप्तशृंगीचा घाट किंवा त्र्यंबक रस्ता पावसाळ्यात नेहमी करणाऱ्याने जुनी सायकल विकत घेताना आधी पुढच्या रिमच्या कडेवरून अंगठा फिरवावा, मग गिअर तपासावेत.