रिमोट टीममधली कंपनी कल्चर

ऑफिस नाही, माणसं वेगवेगळ्या देशांत बसलेली, कामाच्या वेळाही वेगळ्या, अशा टीममध्ये 'आपल्याकडे असं करतात' ही समज सगळ्यांमध्ये रुजवणं म्हणजे रिमोट कंपनी कल्चर घडवणं. ऑफिसात नवीन माणूस सीनियरच्या शेजारी बसून, चहाला सोबत जाऊन हे आपोआप शिकतो, रिमोटमध्ये आपोआप काहीच होत नाही, सगळं लिहून ठेवावं लागतं.

याचं सगळ्यात नीट बघता येणारं उदाहरण म्हणजे गिटलॅब, टीमने मिळून कोड लिहायचं सॉफ्टवेअर बनवणारी, पूर्ण रिमोट चालणारी कंपनी. २०११ मध्ये दिमित्री झापोरोझेत्सने युक्रेनमध्ये घरी बसून हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं तेव्हा घरात नळ नव्हता, पाणी सार्वजनिक विहिरीवरून आणावं लागायचं, पण त्याला जास्त खटकत होतं ते टीमने मिळून कोड करायला चांगलं टूल नसणं. पुढे नेदरलँड्सचे सिड साइब्रँडी त्याला येऊन मिळाले, म्हणजे दोघं संस्थापकच दोन देशांत.

कंपनीचं हँडबुक, म्हणजे कामाच्या सगळ्या पद्धती जिथे लिहून ठेवल्यात ते, दोन हजारांहून जास्त पानांचं आहे आणि ते कुणालाही वाचता येतं. कुणी प्रश्न विचारला की उत्तरात हँडबुकची लिंक द्यायची, तिथे उत्तर नसेल तर आधी तिथे लिहायचं आणि मग लिंक द्यायची. नवीन आलेला माणूससुद्धा एखादं पान चुकीचं वाटलं तर बदल सुचवू शकतो, आणि मला तरी यातली खरी ताकद हीच वाटते.

पण लिहिलेलं खरंच पाळतात का हे अडचणीच्या वेळीच कळतं. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरा काम करणाऱ्या एका इंजिनियरने चुकून मुख्य डेटाबेसच्या सर्व्हरवरच डिलीटची कमांड चालवली, सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले, आणि बॅकअप बघायला गेले तर एकामागून एक निकामी निघाले. शेवटी सहा तासांपूर्वीच्या एका कॉपीवरून साइट उभी केली, मधला डेटा गेला तो गेलाच. हे सगळं चालू असताना नोंदींचं डॉक्युमेंट लोकांसाठी खुलं होतं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दिसत होतं, आणि नंतरच्या अहवालात इंजिनियरचं नाव न घेता बॅकअपची व्यवस्था कुठे कुठे फसली तेवढंच मांडलं. व्हर्च्युअल पार्ट्या कितीही करा, चूक सांगायची भीती असेल तर रिमोट माणूस ती लपवणारच, कारण त्याच्या स्क्रीनकडे बघणारं शेजारी कुणीच नसतं.

भारतातल्या टीमना सगळ्यात जास्त भोवतो तो वेळेचा फरक. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, मग निर्णय कॉलवरच उरकले की पुण्याच्या माणसाने एकतर जेवण सोडून बसायचं नाहीतर सकाळी आयता निर्णय ऐकायचा. म्हणून अजेंडा आधी डॉक्युमेंटमध्ये, चर्चेच्या नोंदी त्यातच, आणि सकाळी कुणी हरकत लिहिली तर निर्णय परत उघडायचा. यातला शेवटचा भागच बऱ्याच कंपन्या गाळतात.

प्रत्यक्ष भेटीही लागतातच. गिटलॅबची टीम मे २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमली होती, २०२० चा प्रागचा मेळावा मात्र कोव्हिडमुळे ऑनलाइनच झाला.