नेत्रशाखेकडे वळणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन (सोलापूर)

एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला नेत्ररोगशास्त्राची ओढ वाटू लागल्यावर शिक्षकाने, निवासी डॉक्टरने किंवा खासगी नेत्रतज्ज्ञाने अभ्यासक्रमाच्या चौकटीबाहेर त्याला दीर्घकाळ दिलेली साथ. महाविद्यालयात यासाठी ‘मेंटॉर’ आणि ‘मेंटी’ हेच शब्द चालतात. 2019 पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने मार्गदर्शक-शिक्षकाची कल्पना कागदावर आणली. मात्र तो शिक्षक कोणत्याही विभागाचा असू शकतो आणि त्याचा बराचसा वेळ हजेरी, लॉगबुक आणि घरापासून दूर आलेल्या मुलांच्या अडचणी यांत जातो. विषयाची गोडी लावणारे मार्गदर्शन वेगळे. ते बहुधा कोणी नेमून देत नाही.

सोलापुरात या नात्याचे मुख्य ठिकाण म्हणजे 1963 साली सुरू झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजेच गावाच्या तोंडी असलेले ‘सिव्हिल’. कुंभारी येथे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. शहरातील खासगी नेत्ररुग्णालयांमध्येही सुट्टीत ‘सर, नुसतं बघायला येऊ का?’ असे विचारत येणारी मुले असतात.

पदवीच्या साऱ्या अभ्यासक्रमात डोळ्यांच्या वाट्याला फार थोडे दिवस येतात. आंतरवासितेत (इंटर्नशिपमध्ये) तर जेमतेम दोन आठवडे. एवढ्यात ओपीडीतल्या गर्दीत मागे उभे राहून मोतीबिंदू पिकलेला की कच्चा हे कळले तरी पुष्कळ. शिवाय या शाखेची एक खास अडचण आहे. पोटाची गाठ चार जण हाताने चाचपतात, हृदयाचा आवाज एकामागून एक सगळे ऐकतात. पण डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपमधून (डोळ्याच्या आत पाहण्याच्या हातातल्या उपकरणातून) डोळ्याचा पडदा एका वेळी एकालाच दिसतो. विद्यार्थी ‘दिसला सर’ म्हणतो तेव्हा त्याला खरोखर दृष्टिचकती (पडद्यावरचा दृष्टीच्या नसेचा गोल भाग) दिसली की नुसता लाल प्रकाश, हे शिक्षकाला कळायला मार्ग नसतो. पुष्कळ विद्यार्थी न दिसताच ‘दिसला’ म्हणून पुढे सरकतात, हे या विषयातले उघड गुपित आहे.

यावरचा जुना आणि अजून न हरलेला उपाय म्हणजे चित्र. चांगला मार्गदर्शक विद्यार्थ्याला तोंडी उत्तर देऊच देत नाही. कागद पुढे सरकवतो आणि जे दिसले ते काढायला सांगतो. रंगांचे संकेत ठरलेले आहेत: रोहिण्या आणि रक्तस्राव लाल, नीला आणि सुटलेला पडदा निळा, स्रावाचे ठिपके पिवळे, काचद्रवातील (डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवातील) धूसरपणा हिरवा. चित्र पाहताच चूक कुठे झाली ते समजते. नीला रोहिणीपेक्षा बारीक काढली असेल तर मुलाने पुस्तकातले आठवून रंगवले आहे, पाहिलेले नाही. पुढे इंडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपवर (डोक्याला बांधायच्या उपकरणावर) 20 डायॉप्टरचे भिंग हाती आले की प्रतिमा उलटी दिसते. वरचे खाली, डावे उजवीकडे. तेव्हा कागदच उलटा धरून काढण्याची युक्ती कोणीतरी शेजारी उभे राहून दाखवावी लागते. डायरेक्टने बघताना रुग्णाचा उजवा डोळा आपल्या उजव्या डोळ्याने, डावा डाव्याने, ही सवयही पहिल्या दिवसापासून लावावी लागते. नाही तर डॉक्टरचे नाक रुग्णाच्या नाकाला लागते.

बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर वीस-तीस मिनिटे थांबावे लागते. डोळे मिटून बाकावर बसलेल्या रुग्णांची ती रांग म्हणजे सिव्हिलमधला बिनभाड्याचा वर्ग. मार्गदर्शक तिथे विद्यार्थ्याला हकिगत घ्यायला पाठवतो. थेंब घालण्यापूर्वी डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ तर नाही ना, हे टॉर्चने बघायची आठवणही तोच करून देतो, कारण तसे असल्यास काचबिंदूचा झटका येऊ शकतो.

सोलापुरात ही हकिगत एका भाषेत होत नाही. पूर्व भागातील विणकर आणि विडी कामगार कुटुंबांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणारा रुग्ण कन्नड बोलतो, दखनीही कानावर पडते. लातूर-नांदेडकडून आलेल्या विद्यार्थ्याला ‘वर बघा’साठी तेलुगूत ‘पैकि चूडंडि’ आणि कन्नडमध्ये ‘मेले नोडि’ म्हणावे लागते. एवढे दोन शब्द आले की आजीबाई मान न हलवता नजर नेमकी वर नेतात आणि स्लिट लॅम्पवरचे (डोळा मोठा करून पाहण्याच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकावरचे) काम निम्मे होते. हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. वॉर्डातल्या मावशी किंवा सिनिअर शिकवतात.

जिल्ह्याचे शेतीचे स्वरूपही डोळ्यांत उतरते. उसाचे पाते बुबुळावर ओढले जाणे, मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या सुगीत कुसळ उडणे, त्यावर चार दिवस घरगुती इलाज आणि मग मेडिकलमधून मागून आणलेले स्टिरॉइडचे थेंब, असा प्रवास करून बुबुळाचा व्रण दवाखान्यात पोहोचतो. वनस्पतीच्या इजेनंतर बुरशीचा संसर्ग होण्याची भीती मोठी, आणि स्टिरॉइडने तो फोफावतो. सिनिअर निवासी डॉक्टर व्रणाच्या कडेवरून 15 नंबरच्या पात्याने खरवड घेतो, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतो आणि सूक्ष्मदर्शक विद्यार्थ्याकडे वळवतो. बुरशीचे फाटे फुटलेले धागे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की व्रणाच्या पिसासारख्या कडा, आजूबाजूचे छोटे ठिपके आणि 5 टक्के नॅटामायसिन हे बुरशीवरचे औषध, हे सारे पाठ करावे लागत नाही. मार्गदर्शनाचा दुसरा भाग यानंतर येतो: रुग्णाला ‘आधी का नाही आलात’ म्हणून फाडून न खाता कोणते थेंब घातले ते काढून घेणे. बाटली घेऊन या म्हटले की बहुतेक जण आणतात.

हाताचे शिक्षण बोकडाच्या डोळ्यावर होते. खाटकाकडून त्याच दिवशीचे डोळे आणावे लागतात. शिळ्या डोळ्याचे बुबुळ धुरकट होते आणि आतले काही दिसत नाही. डोळा मऊ पडलेला असेल तर सिरिंजने सलाइन भरून तो टणक करतात, मग शुभ्रपटलात बोगदा पाडण्याचा सराव. पदवीच्या विद्यार्थ्याने यात शस्त्रक्रिया शिकायची नसते. सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःचा हात किती थरथरतो हे त्याला कळावे, आणि तरीही ते आवडते का हे पाहावे, इतकाच हेतू. काहींना इथेच उमगते की ही शाखा आपली नाही. तेही मार्गदर्शनाचे यशच मानले पाहिजे.

प्रत्यक्षात सर्वाधिक शिकवणारा माणूस प्राध्यापक क्वचितच असतो. दोन-तीन वर्षांनी पुढे असलेला निवासी डॉक्टर रात्रीच्या ड्यूटीवर चहा घेताना जे सांगतो ते टिकते. त्याहून दुर्लक्षित म्हणजे ग्रामीण रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकारी. चष्म्याचा नंबर काढण्यात, शाळा-तपासणीत आणि मोतीबिंदूचे रुग्ण शोधण्यात त्यांचा हात इतका बसलेला असतो की रेटिनोस्कोपी (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढण्याची पद्धत) त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा मानणे हा निव्वळ पदवीचा अहंकार आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 मध्ये सुरू झाला तेव्हापासून तळातले काम अशाच लोकांनी वाहिले. 2015-19 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वापैकी 66.2 टक्के मोतीबिंदूमुळे आढळले. हा आकडा विद्यार्थ्याला वर्गात सांगण्यापेक्षा तपासणी शिबिराच्या रांगेत लवकर पटतो.

संशोधनाची इच्छा असलेल्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 1979 पासूनची अल्पमुदतीची विद्यार्थी-योजना हा रुळलेला मार्ग आहे. दोन महिन्यांत पुरा होईल असा छोटा प्रश्न निवडणे हीच त्यातली खरी कसोटी, आणि तिथेच मार्गदर्शक लागतो. मधुमेहाच्या ओपीडीतील किती जणांनी कधी पडदा तपासून घेतला, एवढा प्रश्न पुरतो. पुढची वाट सगळ्यांना ठाऊक असते: नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा, तीन वर्षांचे एमएस किंवा डीएनबी हे पदव्युत्तर शिक्षण, मग मदुराईचे अरविंद नेत्ररुग्णालय (स्थापना 1976), चेन्नईचे शंकर नेत्रालय (1978) किंवा हैदराबादचे एल. व्ही. प्रसाद (1987) येथील फेलोशिप.

या पद्धतीत दोषही आहेत. मार्गदर्शन आणि फुकटची राबणूक यांत सीमा धूसर असते. केसपेपर लिहिणे आणि रुग्णांना हाका मारणे यातच महिना संपला तर विद्यार्थ्याने समजून घ्यावे. ओळखीपाळखीच्या, डॉक्टरांच्या घरातल्या मुलांना ओटीचे (शस्त्रक्रियागृहाचे) दार लवकर उघडते. पहिल्याच पिढीत शिकणारा, विचारायला बुजणारा मुलगा दाराबाहेर राहतो. आणि अलीकडे ‘मेंटॉरशिप’ म्हणजे नीट-पीजीच्या रँकचा सल्ला, असा समज पसरला आहे. रँकचा सल्ला कोणताही सिनिअर देईल. बुबुळाची खरवड दाखवणारा मिळणे अवघड.

ही शाखा मागणाऱ्या सगळ्यांना मिळत नाही. तरी डोळ्यांच्या खोलीत वेळ काढलेला विद्यार्थी जनरल मेडिसिनमध्ये गेला तर मधुमेहाच्या रुग्णाचा पडदा तपासायला विसरत नाही. बालरोगात गेला तर 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे किंवा 34 आठवड्यांआधी जन्मलेले बाळ तीस दिवसांच्या आत पडदा-तपासणीला पाठवतो.