परसातील संमिश्र कोंबडीचा वंश ओळखणे

जातमिश्रित कोंबडीत कोणकोणत्या जातींचे रक्त आहे, हे तिच्या अंगावरच्या खुणांवरून ताडण्याची पद्धत. महाराष्ट्रातील खुराड्यांत गावठी कोंबडीत असील, कडकनाथ, ऱ्होड आयलंड रेड, ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प, गिरिराज, वनराज असे बरेच काही मिसळलेले असते. गिरिराज आणि वनराज मुळातच संकरातून घडवलेले. त्यांच्या पुढच्या पिढीत रंग-वजन कसेही फुटते, म्हणून त्यांचा अंश खात्रीने सांगता येत नाही.

पिसांचा रंग आधी डोळ्यांत भरतो आणि सर्वांत जास्त फसवतो. तांबडी कोंबडी गावठीतही निघते. पाच महिन्यांपुढची, पूर्ण पिसांची कोंबडी तपासावी. खुडूक (अंडी उबवायला बसलेली) किंवा पिसे झडत असलेलीचा तुरा आकसतो आणि फिका पडतो. भर उजेडात तुरा, जिभेखालचा भाग, पंखाखालची कातडी, पायाची नळी आणि तळवा पाहावा.

असीलचा तुरा बुटका, तीन रांगांचा. हे लक्षण उभ्या एकेरी तुऱ्यावर अंशतः प्रभावी असल्याने मिश्र कोंबडीचा तुरा ठेंगणा, जाड, वेडावाकडा दिसतो. सोबत लांब नळी, ताठ उभी चण आणि अंगाशी घट्ट पिसे असतील तर असीलचा अंश मानायला हरकत नाही. मानेवर पिसे नसून पुढच्या बाजूला फक्त एक झुबका असेल, तर बिनपिसांच्या मानेचा गुण आई-बापांपैकी एकाकडूनच आलेला असतो.

काळे पाय म्हणजे कडकनाथ नव्हे. ऑस्ट्रालॉर्पचेही पाय काळसर असतात, पण त्याचा तळवा आणि कातडी पांढरट. कडकनाथचा काळेपणा जिभेत आणि कातडीतही उतरतो. कडकनाथ कोंबडा आणि ऱ्होड आयलंड रेड कोंबडी यांच्या तलंगा (तरुण माद्या) काळ्या कातडीच्या, नर मात्र फिके निघतात. जोडी उलटी केली तर नर-मादी दोन्ही फिके. तेव्हा काळेपणा दिसला नाही म्हणून कडकनाथ नाहीच, असे ठरवू नये. (कडकनाथची अंडी काळी असतात ही निव्वळ आवई, ती फिक्या मलई-तपकिरी रंगाची असतात.)

पिवळे पाय अप्रभावी गुणाने येतात. आई-बाप दोघांकडून मिळाले तरच दिसतात. हा गुण सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याकडून पाळीव कोंबडीत आल्याचे 2008 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. मात्र सलग अंडी घालणाऱ्या कोंबडीचे पिवळे पाय काही महिन्यांत पांढरट पडतात. अंडी थांबल्यावर रंग परततो, तोवर निकाल देऊ नये.

पांढऱ्या अंगावर तुरळक काळे ठिपके असतील तर लेगहॉर्न (अंड्यांसाठी पाळली जाणारी जात) किंवा ब्रॉयलरचा अंश. एका बाजूला कललेला मोठा तुरा, पांढरी कानपाळी आणि हलके अंग लेगहॉर्नचे. रुंद छाती आणि जाड नळ्या ब्रॉयलरच्या.

अंगावर आडवे पट्टे असलेली कोंबडी बापाविषयी पक्की साक्ष देते: हा गुण लिंगसंलग्न (नर-मादी ठरवणाऱ्या गुणसूत्रावरचा) असून मादीला तो फक्त बापाकडून मिळतो. पण बाप कोणता, हे डालग्यातल्या भावंडांवरून ठरवू नये. कोंबडीच्या पोटात बीज दोन-तीन आठवडे टिकते आणि एकाच खुडूक कोंबडीखाली अनेक माद्यांची पिल्ली निघू शकतात. नेमका बाप हवा असल्यास मादी चार आठवडे कोंबड्याविना वेगळी ठेवून मग एकच नर सोडावा.