की वेस्टच्या मोकाट कोंबड्यांचे दत्तकपालन

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात, दक्षिण टोकाच्या बेटावर वसलेल्या की वेस्ट गावात रस्तोरस्ती हिंडणाऱ्या बेवारस कोंबड्या पकडून मुख्य भूमीवरच्या शेतांत आणि परसांत कायमच्या सांभाळायला देण्याची प्रथा. स्थानिक लोक त्यांना 'जिप्सी चिकन' म्हणतात. या कोंबड्या कोणाच्या मालकीच्या नाहीत. रात्री त्या झाडावर बसतात, दिवसा पाचोळा उकरून पोट भरतात, आपली अंडी आपण उबवतात. पूर्वज पाळीव असले तरी पिढ्यान्‌पिढ्या मोकळ्या वाढल्यामुळे त्यांचा स्वभाव खुराड्यातल्या कोंबडीपेक्षा रानकोंबड्याच्या जवळचा झाला आहे. दत्तक घेणाऱ्याचे यशापयश बहुतेक वेळा ही गोष्ट त्याला कितपत उमगली आहे यावर ठरते.

की वेस्ट जेमतेम साडेसहा किलोमीटर लांबीचे बेट. क्युबा तिथून दक्षिणेला सुमारे १५० किलोमीटरवर. १८६८ मध्ये क्युबात स्पेनविरुद्ध दहा वर्षांचे युद्ध पेटले आणि तिथले सिगार कारागीर कुटुंबकबिल्यासह या बेटावर येऊ लागले. व्हिसेंते मार्तिनेझ इबोर या सिगार कारखानदाराने १८६९ मध्ये आपला सिगारचा धंदा हवानाहून इथे हलवला. या कुटुंबांबरोबर अंड्यांसाठी, मांसासाठी आणि झुंजीसाठी पाळलेल्या कोंबड्याही आल्या. १८८६ च्या मोठ्या आगीनंतर सिगारचा धंदा हळूहळू टँपा शहराकडे सरकला. तिथल्या इबोर सिटी या भागातही आज मोकाट कोंबड्या दिसतात, हा योगायोग नव्हे. पुढे दुकानात तयार मांस-अंडी मिळू लागली, तशी परसातली कोंबडी मागे पडली. फ्लॉरिडात झुंजींवर १९८६ मध्ये बंदी आल्यावर झुंजीच्या कोंबड्यांनाही कोणी वाली उरला नाही. आज गावात दिसणारे तांबडे-सोनेरी, काळ्या-हिरव्या शेपटीचे उंच कोंबडे पाहिले की त्यांच्यातले झुंजीचे रक्त लगेच ओळखू येते.

इथे त्यांची संख्या वाढायला हवामानाची मोठी साथ आहे. की वेस्टमध्ये हिमतुषार पडल्याची नोंद नाही, त्यामुळे किडे-पाली वर्षभर मिळतात आणि पिल्लेही जवळजवळ वर्षभर निघतात. कोल्हा किंवा कायोटी (लांडग्याच्या जातकुळीचा लहान शिकारी प्राणी) बेटावर नाही. बहामा व्हिलेज या जुन्या वस्तीत उपाहारगृहांच्या अंगणात, टेबलांखालून पिल्लांचे लेंढार घेऊन कोंबडी बिनधास्त फिरते, आणि पर्यटक तिचे फोटो काढतात. ज्यांच्या खिडकीखाली पहाटे तीनला कोंबडा आरवतो किंवा ज्यांची नवी लावलेली रोपे तासाभरात उकरली जातात, त्यांचे मत अर्थातच वेगळे असते. २००४ मध्ये नगरपालिकेने कोंबड्या पकडण्यासाठी एका स्थानिक न्हाव्याला नेमले होते. त्यावरून गावात उघड दोन तट पडले आणि काही महिन्यांत तो उपक्रम गुंडाळावा लागला. २०२१ मध्ये मोकाट कोंबड्यांना खायला घालण्यावर बंदी आली. हा निर्णय योग्यच होता, कारण फेकलेल्या ब्रेडवर आणि तळणावर वाढलेला थवा आजारी पडतो आणि बेसुमार वाढतो. कोंबड्यांना इजा करणे मात्र गुन्हा आहे. त्यामुळे नकोशा कोंबडीला मारायचे नाही, दुसरीकडे पाठवायचे, हाच मार्ग रुळला.

या कामाचे केंद्र म्हणजे की वेस्ट वाइल्डलाइफ सेंटर. ही संस्था मुळात जखमी वन्य पक्ष्यांवर उपचार करते. त्याच आवारात जखमी, अनाथ आणि रहिवाशांनी पिंजऱ्यात पकडून आणलेल्या कोंबड्याही ठेवल्या जातात आणि मुख्य भूमीवरच्या पालकांकडे पाठवल्या जातात. अट एवढीच की त्या खाण्यासाठी किंवा झुंजीसाठी नेल्या जाऊ नयेत.

पकडण्याची उत्तम वेळ रात्रीची. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही. फांदीवर बसलेली कोंबडी दोन्ही पंखांवरून हात टाकून अलगद उचलली तर ती ओरडतही नाही. दिवसा मात्र ती हाती लागत नाही, कारण हे पक्षी चांगले उडतात. पिल्लांसह फिरणाऱ्या कोंबडीबाबत एक नियम पाळावाच लागतो: आई आणि पिल्ले एकत्रच हलवायची. नुसती आई नेली तर लहान पिल्ले गारठून मरतात. पिल्ले आधी हाती आली तर त्यांचा पिंजरा तिथेच ठेवावा. त्यांचा चिवचिवाट ऐकून आई जवळ येते.

अनाथ पिल्ले वाढवणे हा या पालनातला सर्वांत नाजूक भाग. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाच्या पोटात बलक ओढला गेलेला असतो, त्यावर ते दोन दिवस निभावते. ऊब मात्र पहिल्या तासापासून हवी. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवतात आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करतात. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहावे: दिव्याखाली एकमेकांना चिकटून दाटी केली तर थंडी वाजते आहे, कडेला जाऊन चोच उघडी टाकली तर उकडते आहे, पसरून झोपली तर ठीक. पाण्याची ताटली उथळ हवी आणि तिच्यात गोटे टाकावेत, नाहीतर पिल्लू त्यात बुडते. पाचसहा आठवड्यांत पिसे भरली की दिवा काढता येतो.

तरीही दिवा आईची जागा घेऊ शकत नाही. दाणा सापडला की कोंबडी तो चोचीत उचलते, टाकते, पुन्हा उचलते आणि भरभर कुकुकते. पिल्ले धावत येतात. आकाशात घार दिसली की ती एक आवाज काढते, जमिनीवर मांजर दिसले की दुसराच. दिव्याखाली वाढलेल्या पिल्लाला ही शिकवण मिळत नाही. म्हणून खुडूक बसलेली, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, कोंबडी उपलब्ध असेल तर दोनतीन दिवसांची अनाथ पिल्ले रात्री तिच्या पोटाखाली सरकवणे हा सर्वांत चांगला उपाय. पहाटे ती सहसा त्यांना आपलीच मानते. कोकणातल्या घरांतही हीच युक्ती चालते.

नव्या जागी आणलेले पक्षी निदान महिनाभर घरच्या कोंबड्यांपासून वेगळे ठेवावेत. की वेस्टच्या दमट हवेत डास भरपूर, आणि डासांवाटे कोंबड्यांचा देवीचा रोग पसरतो: तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळपट खपल्या येतात. खपल्या खरवडू नयेत. साधा प्रकार तीनचार आठवड्यांत आपोआप बरा होतो. घशात फोड आले तर मात्र श्वास अडकतो आणि पशुवैद्यक गाठावा लागतो. मारेक हा विषाणूजन्य आजार अधिक घातक आहे. त्याची लस पिल्लू अंड्यातून निघाले की लगेच द्यायची असते, त्यामुळे मोकाट जन्मलेल्या पक्ष्यांना तिचे संरक्षण मिळालेले नसते. जंत, उवा आणि रक्ती हगवण यांची तपासणी विलगीकरणातच उरकावी. राज्याची सीमा ओलांडायची असेल तर सहसा पशुवैद्यकाचा दाखला लागतो.

पहिले दोनतीन आठवडे पक्ष्यांना बंद खुराड्यात ठेवल्याशिवाय बाहेर सोडू नये. इथेच रात्रीचा मुक्काम आहे हे मनात बसले की ते संध्याकाळी आपण होऊन परततात. नाहीतर पहिल्याच दिवशी शेजारच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसतात. बेटावर कोल्हा पाहिलेला नसतो, मुख्य भूमीवर कोल्हे, कायोटी, बॉबकॅट नावाची रानमांजरे सगळेच असतात. नेहमीची पातळ षटकोनी जाळी रॅकून हा हाताच्या पंजांचा निशाचर प्राणी फाडतो, म्हणून बारीक चौकोनी, जाड तारेची जाळी लावावी. उत्तर फ्लॉरिडात थंडीत पारा शून्याखाली जातो. मोठ्या तुऱ्याच्या कोंबड्याचा तुरा गोठून काळा पडतो. बसायची दांडी रुंद असली की पोटाच्या पिसांनी पायाची बोटे झाकता येतात.

अंड्यांच्या आशेने कोणी या कोंबड्या घेऊ नयेत. अंडी लहान आणि थोडी मिळतात, आणि कोंबडी मधूनच खुडूक होऊन आठवडेच्या आठवडे अंड्यांवर बसते. किडे, गोचिड, झुरळे वेचण्यात मात्र तिला तोड नाही. याच कारणासाठी गुरे किंवा घोडे पाळणारे शेतकरी त्या आनंदाने नेतात. सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याशीही या पक्ष्यांचे दूरचे नाते आहे. पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आली, पण तिच्या पिवळ्या पायांचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आले, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले.

खरा पेच नरांचा आहे. पिल्लांत निम्मे नर निघतात, आणि अमेरिकेतली अनेक शहरे परसात चारसहा माद्यांना परवानगी देतात, नराला नाही. आठदहा माद्यांमागे एक नर पुरतो. त्याहून जास्त झाले तर माद्यांच्या पाठीवरची पिसे झडतात आणि नरांत रक्तबंबाळ मारामाऱ्या होतात. यावर चालणारा एक तोडगा म्हणजे माद्यांच्या नजरेआड, एकत्र वाढलेल्या नरांचाच वेगळा थवा ठेवणे. झुंजीच्या वंशातलेही पुष्कळ नर असे शांतपणे राहतात. त्यांच्या आरवण्यालाही क्रम असतो. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांना असे आढळले की कोंबड्याचे पहाटेचे आरवणे शरीरातल्या घड्याळावर चालते आणि थव्यातला वरचढ नर आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून. नर दत्तक घेणारा पालक म्हणूनच गावाबाहेरचा, शेजार दूर असलेला शोधावा लागतो. असे पालक थोडेच, आणि बेटावर पिल्ले निघायची थांबत नाहीत.