रिशिरी आणि रेबुन : उत्तर जपानच्या दोन बेटांवरची भटकंती
(सहभागी होणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

‘दोन छोट्या बेटांसाठी दहा दिवस कशाला?’ चौकशीला येणारे बहुतेक जण हे विचारतातच, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटाच्या अगदी वरच्या टोकाला वाक्कानाई हे बंदर आहे. रिशिरी आणि रेबुन ही बेटं त्याच्या पश्चिमेला समुद्रात आहेत. तिथे कार्यक्रम आपण आखायचा आणि हवामानाने तो मोडायचा, हे ठरलेलंच. धुकं उतरलं की समोरचा अख्खा डोंगर नाहीसा होतो, वारा चढला की फेरीबोट रद्द होते. पाच-सहा दिवसांत सगळं कोंबलं, तर नेमका डोंगराचा दिवस पावसात जातो आणि माणसं हिरमुसली होऊन परततात. म्हणून आम्ही दोन दिवस मोकळे ठेवतो. हवा चांगली राहिली तर ते दिवस सायकल, समुद्र आणि आराम यांत मजेत जातात, वाया जात नाहीत.

कधी आणि कसं जायचं

आमची तुकडी जूनच्या शेवटच्या आठवड्यात निघते. तेव्हा आपल्याकडे पावसाळा सुरू झालेला असतो. जपानच्या बाकी भागातही पावसाची झड असते, पण होक्काइडोला तिचा फारसा त्रास होत नाही. रेबुनचं सर्वांत प्रसिद्ध फूल म्हणजे ‘रेबुन आत्सुमोरीसो’ हे फिकट पिवळसर ऑर्किड. ते मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत फुलतं, म्हणजे आपण पोचेपर्यंत त्याचा बहर बहुधा ओसरलेला असेल. फक्त त्याच्यासाठी यायचं असेल तर जूनचा पहिला आठवडा गाठावा लागेल. मात्र तेव्हा रिशिरीच्या वरच्या घळींमध्ये बर्फ असतो, आणि बर्फावर चालायची सवय नसलेल्यांना आम्ही तिथे नेत नाही. दोन्हीपैकी एक निवडायचं म्हटल्यावर आम्ही डोंगर निवडला.

मुंबईहून टोकियो, तिथे हानेदा विमानतळावरून वाक्कानाई आणि पुढे फेरीने रिशिरीचं ओशिदोमारी बंदर, असा प्रवास आहे. फेरीला साधारण १ तास ४० मिनिटं लागतात. साध्या वर्गात गालिचा घातलेली मोकळी जागा असते. बूट काढायचे, पथारी पसरायची आणि खुशाल आडवं व्हायचं. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याआधीच घ्यावी.

रिशिरीचा डोंगर

रिशिरी बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला एक शांत झालेला ज्वालामुखी. उंची १,७२१ मीटर. आकडा पाहून ‘कळसूबाईपेक्षा जरासाच उंच’ असं वाटेल, कारण कळसूबाई १,६४६ मीटर आहे. पण बारी गावातून चढायला लागतो तेव्हा आपण मुळातच बऱ्याच उंचीवर असतो. इथे चढ सुरू होतो तो २०० मीटरच्या थोडं वरून. एका दिवसात सुमारे १,५०० मीटर चढून तेवढंच उतरायचं आहे. जाऊन-येऊन ९ ते ११ तास धरा.

आम्ही ओशिदोमारीच्या वाटेने जातो. त्या दिवसांत तिथे पावणेचारच्या सुमारास सूर्य उगवतो, त्यामुळे चारला निघालं तरी उजेड असतो. थोडं चढल्यावर कानरो-सेनसुई हा झरा लागतो. जपानच्या निवडक शंभर पाण्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. हे शेवटचं पाणी. पुढे माथ्यापर्यंत थेंबही मिळत नाही, म्हणून प्रत्येकाने इथे किमान तीन लिटर भरून घ्यायचं.

झाडी संपते आणि १,२१८ मीटरवरच्या चोकानझानला पोचलो की खरा डोंगर पहिल्यांदा समोर येतो. जवळच निवाऱ्याची छोटी कुटी आहे. सकाळी नऊपर्यंत इथे पोचलो नाही, तर तुकडी इथूनच परत फिरते. याबाबतीत वाटाड्याचा शब्द अखेरचा. पैसे भरलेत म्हणून माथा मिळालाच पाहिजे, असा आग्रह कृपया धरू नये. जपानी डोंगरवाटा दहा टप्प्यांत मोजतात; नवव्या टप्प्यानंतर वाट लाल-काळ्या भुसभुशीत ज्वालामुखी मातीतून जाते. पायाखालची खडी सरकते आणि उतरताना चढण्यापेक्षा जास्त दमछाक होते. डोंगराचं खरं सर्वोच्च टोक दक्षिणेला आहे, पण ती बाजू ढासळत असल्याने बंद आहे. आपण उत्तर शिखरावर, छोट्या देवळापाशी थांबतो.

या डोंगरावर तीन नियम आहेत आणि ते आम्हाला मनापासून पटलेले आहेत. काठीच्या टोकाला रबरी टोपण हवं. वाट सोडून झाडांवर पाय द्यायचा नाही. आणि शौचाची पिशवी प्रत्येकाकडे हवी. वाटेवर ठरावीक ठिकाणी आडोशाच्या छोट्या खोल्या आहेत. तिथे आत बसायला नुसती चौकट असते. तिच्यावर आपली पिशवी बसवायची, काम झालं की आतल्या पावडरीने घट्ट झालेला मैला नीट बांधून पाठपिशवीत ठेवायचा आणि खाली उतरल्यावर पायथ्याच्या पेटीत टाकायचा. ऐकायला अवघड वाटतं, पण सवय पटकन होते. पिशव्या आम्ही देतो, आणि निघण्यापूर्वी पुण्यातच एकदा दाखवतो. आपल्या गडांच्या वाटांवरही हे सुरू व्हायला हवं, असं आम्हाला फार वाटतं.

अस्वलाचं काय, असंही विचारलं जातं. होक्काइडोत तपकिरी अस्वलं आहेत, या बेटावर नाहीत. २०१८ मध्ये एक अस्वल समुद्र पोहून रिशिरीवर आलं होतं. त्याआधीची तशी नोंद १९१२ ची.

बेटाला चक्कर

डोंगराच्या आधी किंवा नंतर, हवा पाहून, एक दिवस सायकलने बेटाला फेरी मारतो. अंतर साठेक किलोमीटर आहे, रस्ता चांगला आहे. डोंगर सतत एका बाजूला असतो आणि दर वळणावर वेगळाच दिसतो. किनाऱ्यालगत गोटे पसरलेली सपाट अंगणं दिसतील. ती कोंबू वाळवायची खळी आहेत, त्यांवरून चालू नये. हे समुद्री शेवाळ पहाटे काढून एकेक लांब पान सुटं करून पसरतात. अचानक सर आली तर मालाचा दर्जा उतरतो, म्हणून सगळं घर वेळेशी झटत असतं. फोटो काढायचा तर आधी विचारा. रिशिरीच्या कोंबूचं पाणी नितळ उतरतं, म्हणून क्योतोच्या स्वयंपाकघरांत त्याला मान आहे.

वाटेत नोत्सुका इथे एक स्मारक लागतं. १८४८ मध्ये परदेशीयांना बंदी असलेल्या जपानमध्ये शिरण्यासाठी रानाल्ड मॅकडोनाल्ड हा २४ वर्षांचा तरुण जहाज फुटल्याचा बहाणा करून छोट्या होडीतून या बेटावर उतरला. पुढे त्याला नागासाकीला नेऊन ठेवलं आणि तिथे त्याने जपानी दुभाष्यांना इंग्रजी शिकवलं. इथे पाच मिनिटं जरूर थांबा.

रेबुन

ओशिदोमारीहून काफुका बंदर पाऊण तासावर आहे. रेबुनचा सर्वांत उंच डोंगर जेमतेम ४९० मीटरचा. तरीही एरवी उंच पर्वतांवर दिसणारी फुलं इथे समुद्राच्या काठाला फुलतात. थंडी, वारा आणि उन्हाळ्यातलं धुकं यांमुळे मोठी झाडं वाढत नाहीत आणि गवताळ उतार या फुलांना मोकळे मिळतात. उत्तर टोकाच्या सुकोतोनपासून गोरोता आणि सुकाई या भूशिरांवरून जाणारी वाट आम्ही एका दिवसात करतो, आणि मोमोइवाची वाट दुसऱ्या दिवशी. डोंगराच्या मानाने चाल सोपी, पण वारा जोरदार. फूल तोडणं तर सोडाच, फोटोसाठी वाटेच्या बाहेर गुडघा टेकवणंही चालणार नाही. आत्सुमोरीसो चोरून उपटून नेल्यामुळेच फार कमी उरलं आणि आता कुंपणात राखावं लागतं.

राहणं, जेवण, सामान

मुक्काम घरगुती निवासात, चटईच्या खोलीत गादी घालून. जेवण संध्याकाळी सहाला, उशीर चालत नाही. मासे खाणाऱ्यांची चंगळ आहे. जून-जुलैत समुद्री साळिंदर, म्हणजे ‘उनी’, ताजं मिळतं. शाकाहारी मंडळींनी नोंदणीतच सांगावं. भाताबरोबर भाज्या, टोफू मिळतात, पण आमटीत बहुधा माशाचा अर्क असतो, म्हणून आम्ही वरण-भाताचं सामान आणि एक स्वयंपाकी बरोबर नेतो. घरून चटण्या, मेतकूट, लोणचं आणा. ताज्या मिरच्या, कढीपत्ता, फळं मात्र आणू नका, विमानतळावर काढून घेतात. अंघोळ सामायिक गरम पाण्याच्या कुंडात, स्त्री-पुरुषांची वेगळी. आधी बाहेर साबणाने स्वच्छ व्हायचं, मग कपड्यांशिवाय कुंडात उतरायचं. संकोच वाटत असेल तर आधी सांगा, वेगळ्या न्हाणीघराची सोय बघतो.

दिवसाही पारा पंधराच्या आसपास असतो, माथ्यावर बराच कमी. पोंचो चालणार नाही, वाऱ्यात तो उलटा होतो. चांगलं रेनजॅकेट आणि पावसाची पँट, कानटोपी, हातमोजे, वापरून मऊ झालेले बूट आणा. गॅसची डबी विमानात नेता येत नाही, ती आम्ही तिकडे घेतो. रोख येन जवळ ठेवा.

निघण्याआधीच्या दोन महिन्यांत राजगड-तोरणा एका दिवसात आमच्याबरोबर करणं सक्तीचं आहे. ज्यांना ते जमणार नाही, त्यांना आम्ही रेबुन आणि सायकलचा कार्यक्रम सुचवतो, त्याचा दर वेगळा. गुडघ्याचं दुखणं लपवू नये. बेटावर रुग्णालय आहे, पण मोठ्या उपचारांसाठी समुद्र ओलांडावा लागतो, म्हणून डोंगरातील सुटकेचा खर्च देणारा विमा हवाच.

फेरी रद्द होऊन मुक्काम वाढला, तर राखीव दोन दिवसांपर्यंतचा खर्च आमचा, त्यापुढचा राहण्या-जेवणाचा प्रत्यक्ष खर्च तुमचा. व्हिसाची कागदपत्रं आणि डॉक्टरांचा दाखला एप्रिलअखेरपर्यंत कार्यालयात पोचते करावेत.