माकडांना हगवण लागते ती बऱ्याचदा आपल्याकडूनच

सिंहगडावर किंवा वरंधा घाटात गाडी थांबवली की कोणीतरी सांगतंच, माकडांच्या जवळ जाऊ नका, काहीतरी रोग लागेल. खरंय ते. पण रोग आपल्याकडून त्यांनाही लागतो हे फारसं कोणी बोलत नाही आणि मला वाटतं तेच जास्त सांगायला हवं.

शिगेला नावाचा बॅक्टेरिया आहे, त्याच्यामुळे आव पडते, शेम-रक्त पडतं. १८९७ साली जपानमध्ये कियोशी शिगा यांनी तो शोधला. त्याचं मूळ घर म्हणजे माणसाचं आतडं. माणसांपासून लांब राहणाऱ्या जंगलातल्या माकडांत तो सहसा सापडत नाही, पण पकडून आणलेल्या, पिंजऱ्यात ठेवलेल्या माकडांत मात्र नेहमी सापडतो. आणि लागण व्हायला फार काही लागत नाही, पोटातल्या ॲसिडला हा दाद देत नाही त्यामुळे १० ते १०० बॅक्टेरिया पोटात गेले तरी पुरतात. संडासहून आल्यावर हात नीट न धुता कोणी मक्याचं कणीस खाल्लं आणि अर्धवट टाकून दिलं, की टोपी माकड ते उचलतं, दोन्ही हातांनी फिरवत दाणे काढतं आणि गालातल्या पिशवीत कोंबतं. झालं, रस्ता तयार.

आत गेल्यावर हा मोठ्या आतड्याच्या पेशींमध्ये शिरतो, तिथेच वाढतो आणि बाहेर न पडता एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत घुसतो, म्हणून आतड्याचं अस्तर सोलून निघतं आणि रक्त पडतं. माकडांच्या हिरड्याही सुजतात कधीकधी. पिल्लं तर अंगातलं पाणी कमी होऊन लवकर दगावतात, त्यामुळे आधी सलाईन आणि मग विष्ठेचं कल्चर करून, म्हणजे त्यातले बॅक्टेरिया प्रयोगशाळेत वाढवून, कोणतं अँटिबायोटिक लागू पडतंय ते बघून औषध.

जुलाब लावणारे कॅम्पायलोबॅक्टर, साल्मोनेला हे दुसरे बॅक्टेरियाही असतातच, आणि यर्सिनिया नावाचा आणखी एक उंदीर-पक्ष्यांच्या विष्ठेतून येतो, म्हणून प्राणिसंग्रहालयात खाण्याची कोठी उंदरांपासून जपावी लागते.

सगळ्यात अवघड म्हणजे वरून ठणठणीत दिसणारं माकड. शिगेला आतड्यात गुपचूप असतो, मग जागा बदलली, कळपात भांडणं झाली, ताण आला की जुलाब सुरू होतात. म्हणून नवीन माकड आलं की आधी वेगळं ठेवतात आणि विष्ठा एकदाच नाही, पुन्हापुन्हा तपासतात, कारण एका तपासणीत तो निसटू शकतो.