सायच्या पोटावरचे केस गेले कुठे?

साय आमच्याकडे सहा वर्षं आहे. अंग दुधावरच्या सायीच्या रंगाचं. कान, तोंड, पाय आणि शेपटी मात्र चॉकलेटी, अशी सयामी वळणाची मांजरी. गेल्या श्रावणात ती उन्हाच्या तिरिपेत उताणी लोळत होती, तेव्हा पोटावर तळहाताएवढी गुलाबी कातडी उघडी दिसली. जखम नाही, खपली नाही, लाली नाही. मांड्यांच्या आतल्या बाजूलाही तसंच. तिला खाजवताना आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं. आई म्हणाली, "केस गळताहेत गं तिचे. खोबरेल तेलात कापूर घालून लावूया." शेजारच्या काकूंचं निदान वेगळं होतं: लेक शिकायला हॉस्टेलवर गेली, मांजरीने ते मनाला लावून घेतलं.

दोघीही मायेनेच बोलत होत्या. पण दोन्ही अंदाज चुकीचे निघाले, आणि पहिला तर सायच्या जिवावर बेतला असता.

डॉक्टरांनी उघड्या चट्ट्याच्या कडेचे दहा-बारा केस चिमट्याने उपटले, काचपट्टीवर तेलाच्या थेंबात ठेवले आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. आपोआप गळलेल्या केसाचं टोक भाताच्या कुसळासारखं निमुळतं होत जातं. सायचे केस टोकाला तुटलेले होते, बोथट दोरीसारखे पिंजलेले. मुळं धडधाकट होती. म्हणजे केस गळत नव्हते, तीच ते चाटून चाटून तोडत होती. मांजराच्या टकलाबद्दल पहिला प्रश्न हाच असतो, केस गेले की काढले? त्याचं उत्तर दहा मिनिटांत आणि जवळजवळ फुकटात मिळतं, म्हणून या साध्या तपासणीचं मला फार अप्रूप वाटतं.

कुत्र्याला खाज आली की तो घर दणाणून सोडतो. मांजराची खाज मात्र जिभेतून बाहेर पडते, आणि आपण तिला स्वच्छतेची आवड समजतो. ही जीभ साधी नाही. तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले केराटिनचे काटे असतात. आपली नखं ज्या प्रथिनाची, त्याच प्रथिनाचे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये दाखवलं की या काट्यांची टोकं पळीसारखी पोकळ असतात. त्या पोकळीत लाळ भरते आणि केसांच्या दाट थरातून थेट कातडीपर्यंत पोहोचते. घरच्या मांजरापासून वाघ-सिंहापर्यंत रचना तीच. अशी फणी दिवसभर एकाच जागी फिरत राहिली तर केस टिकणार कसे?

ही फणी आणखी एक काम करते: पिसवा वेचून गिळते. कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात पिसवांनी भरलेल्या घरात काही मांजरांच्या गळ्यात चाटता येणार नाही अशी शंकूच्या आकाराची पट्टी बांधली आणि बाकीची मोकळी ठेवली. तीन आठवड्यांनी मोकळ्या मांजरांवरच्या पिसवा पट्टीवाल्यांच्या साधारण निम्म्या होत्या. म्हणजे खाज सुटलेलं मांजर पुरावाच खाऊन टाकतं. "आमच्या मांजरीला पिसवा नाहीत, मी नीट पाहिलंय," असं मीही डॉक्टरांना ठासून सांगितलं होतं.

त्यांनी उवा काढायची बारीक दातांची फणी मागवली, सायच्या शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटकले. मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस वर्तुळ पसरलं. धूळ असती तर ती काळीच राहिली असती. ही पिसवेची विष्ठा होती, म्हणजे पचलेलं रक्त. ही चाचणी कोणालाही घरी करता येते.

पिसू चावताना कातडीत लाळ सोडते, आणि काही मांजरांना त्या लाळेतल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. मग अंगावर शेकडो पिसवा असायची गरज उरत नाही. अधूनमधून एखादी चावली तरी खाज पेटती राहते. काही मांजरांच्या पाठीवर आणि मानेवर वरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या येतात, डोळ्यांपेक्षा बोटांना आधी जाणवतात. सायसारखी काही नुसती पोट चाटत बसतात.

साय तिसऱ्या मजल्यावरून कधी खाली उतरत नाही. पण जिन्यात भटकी मांजरं झोपतात आणि त्याच जिन्यातून आमची ये-जा असते. मादी पिसू दिवसाला चाळीसेक अंडी घालते. ती गुळगुळीत असल्यामुळे मांजराच्या अंगावरून घरंगळतात आणि सतरंजीत, सोफ्याच्या फटीत, पलंगाखाली पडतात. एखाद्या घरातल्या एकूण पिसवांपैकी प्रौढ, म्हणजे मांजरावर असणाऱ्या, जेमतेम ५ टक्के असतात. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोश या रूपात घरात असतात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांखाली गेली की अळ्या सुकून मरतात. आपल्या पावसाळ्यात, त्यातही मुंबई-कोकणात, त्यांना हवं ते सगळं आयतं मिळतं. कोश तर महिनोन्‌महिने थांबू शकतो. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की पिसू बाहेर उडी घेते. म्हणून एकदा औषध घालून भागत नाही. घरातल्या प्रत्येक मांजरा-कुत्र्याला काही महिने सलग औषध, अंथरुणं गरम पाण्यात, कोपऱ्याकोपऱ्यात व्हॅक्यूम, हे सगळं एकाच वेळी चालू ठेवावं लागतं. पिसू गिळल्यामुळे पोटात पट्टकृमी होतात, त्यांचंही औषध द्यावं लागतं.

आता त्या कापराबद्दल. शरीरात शिरलेली बरीच परकी रसायनं आपलं यकृत ग्लुकुरोनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळणारी करतं, मग ती लघवीवाटे जातात. हे जोडकाम करणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइम्सपैकी) एकाचं जनुक, यूजीटी१ए६, मार्जारकुळात निकामी झालेलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींमधली विषं पचवायची गरज उरली नाही, म्हणून ते हरवलं असावं, असं मानलं जातं. याचा परिणाम असा, की पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फिनेलसारखी फिनॉलयुक्त द्रावणं, टी-ट्री तेल, कापूर या सगळ्यांचा धोका मांजराला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. अंगाला लावलेलं सगळं ते चाटून पोटात घेतं, हे वर आलंच. कडुलिंबाचं तेलही बाधल्याच्या नोंदी आहेत. सर्वांत घातक चूक म्हणजे कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे पिसवानाशक थेंब मांजराच्या मानेवर घालणं. काही तासांत थरथर सुरू होते, मग झटके. दुकानदाराने "सगळ्यांना चालतं" म्हटलं तरी पाकिटावरचं औषधाचं नाव आणि प्राण्याचं चित्र बघूनच घ्या.

गोल चट्टा, कडेला कोंडा, तुटके खुंट, आणि खाज फारशी नाही, असं दिसलं तर गजकर्णाचा संशय घ्यावा. ही बुरशी आहे, बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस, आणि ती केसातलं केराटिन खाते. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०३ च्या सुमारास अतिनील किरण तेवढे आरपार सोडणारी काच बनवली. १९२५ पासून तिचा दिवा केसांमधली बुरशी शोधायला वापरला जाऊ लागला. अंधाऱ्या खोलीत या दिव्याखाली बाधलेले केस कच्च्या सफरचंदासारखे हिरवे चमकतात. मात्र सगळेच वाण चमकत नाहीत, म्हणून कोऱ्या टूथब्रशने सगळं अंग विंचरून ते ब्रिसल संवर्धन माध्यमावर टेकवतात आणि बुरशी उगवायची वाट पाहतात. पर्शियनसारख्या लांब केसांच्या मांजरांत हे दुखणं जास्त आढळतं. ते माणसालाही लागतं; मुलाच्या हातावर लाल कडं उमटलं आणि मांजरीच्या कानाशी चट्टा असेल, तर दोघांचे उपचार बरोबरच करावेत. घरात उरलेलं स्टेरॉइडचं मिश्र मलम अशा चट्ट्याला लावू नये. खाज दबते आणि बुरशी पसरते.

कानाच्या कडा आणि डोकं जाड खपल्यांनी भरलं तर लूत, कानातून कॉफीच्या चोथ्यासारखा मळ निघाला तर कानातले माइट्स. डोळा आणि कान यांच्यामधली विरळ जागा मात्र बहुतेक मांजरांत जन्मजात असते. तिच्यामुळे घाबरू नका.

अन्नाची ॲलर्जी शोधायची वाट लांबची आणि चिकाटीची. मांजराने पूर्वी न खाल्लेल्या प्रथिनाचं किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं खाद्य निदान आठ आठवडे द्यायचं. त्या काळात दूध नाही, बोंबलाचं शेपूट नाही, ताटातला तुकडा नाही. खाज थांबली तर जुनं अन्न पुन्हा द्यायचं. ती परतली, तरच निदान पक्कं.

मग मनाचं काय? मांजरं ताणामुळे अंग चाटतात, हे खरं आहे. पण २००६ मध्ये 'मानसिक' शिक्का बसलेल्या २१ मांजरांची कसून तपासणी झाली, तेव्हा १६ जणांत निव्वळ शारीरिक कारण सापडलं, तिघांत दोन्ही मिळून, आणि फक्त दोघांत केवळ मानसिक. मूत्राशय दुखत असलं तरी मांजर पोट चाटतं. "उदास आहे" म्हणून थांबणं म्हणजे तिला खाजत किंवा दुखत ठेवणं, आणि तिला तोंडाने सांगता येत नाही.

साय दिवाळीपर्यंत भरून आली. पण पोटावर उगवलेली लव काळपट चॉकलेटी निघाली आणि आई पुन्हा हादरली. सयामी मांजरांत रंगद्रव्य बनवणारं टायरोसिनेज हे विकर उष्णतेला नाजूक असतं, अंगाच्या थंड भागांतच काम करतं. म्हणून कान आणि शेपटी गडद, धड फिकं. केस गेलेली कातडी थंड पडली होती, तेव्हा तिथेही रंग चढला. यंदाच्या उन्हाळ्यात तिने कात टाकावी तसे ते केस झाडले आणि खालून पुन्हा सायीच्या रंगाचे आले.